फास्ट फूड पद्धतीचा स्ट्रॉबेरी मिल्कशेक घरी : प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

फास्ट फूडच्या दुकानात मिळतो तसा स्ट्रॉबेरी मिल्कशेक घरातल्या साध्या उपकरणांनी आणि दर वेळी सारखाच बनवता यावा, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. दूध, आइस्क्रीम आणि फळे मिक्सरमधून फिरवली की जे पेय तयार होते ते चवीला चांगले लागते, पण तो मला हवा असलेला शेक नव्हे. मला हवा असलेला शेक स्ट्रॉमधून वर येताना गाल आत ओढायला लावतो, जिभेवर बर्फाचा एकही कण लागू देत नाही, पेल्याच्या तळापर्यंत एकाच रंगाचा राहतो आणि तोंडात आल्या आल्या विरघळून जातो.

लक्ष्य नजरेसमोर नेमके असावे म्हणून आज दुकानात बसूनच मोजमाप केले. टोचून पाहायचा तापमापक, छोटा वजनकाटा आणि शंभर मिलिलिटरची खूण असलेले माप सोबत नेले होते. हातात पडल्याबरोबर शेकचे तापमान उणे ३ अंश सेल्सिअस भरले आणि शंभर मिलिलिटर शेकचे वजन ७२ ग्रॅम आले. दुधाचे हेच वजन सुमारे १०३ ग्रॅम भरते आणि साखर मिसळलेल्या दुधाळ मिश्रणाचे त्याहून थोडे जास्त. म्हणजे त्या पेल्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग निव्वळ हवा होती. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत, कारण पुढचे सगळे प्रयोग त्यांच्याशी ताडून पाहायचे आहेत.

दुकानातल्या यंत्रात आइस्क्रीम आणि दूध वेगवेगळे घातले जात नाही. दूध, साखर, दुधातले घन पदार्थ आणि थोडे स्थिरक (मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ) यांचे तयार द्रव मिश्रण थंड नळकांड्यात सोडले जाते. नळकांड्याच्या भिंतीवर बर्फाचा पातळ थर धरू लागला की आत फिरणारे पाते तो लगेच खरवडते, त्यामुळे स्फटिक मोठे होण्याआधीच मिश्रणात मिसळून जातात आणि त्याच वेळी हवाही आत घेतली जाते. स्ट्रॉबेरीचा पाक बहुतेक ठिकाणी शेवटी, पेला भरताना मिसळला जातो. घरी असे यंत्र नाही, त्यामुळे बारीक स्फटिक आणि हवा हे दोन्ही आइस्क्रीमच्या रूपाने आयतेच घ्यायचे आणि मिसळताना ते शक्य तितके कमी बिघडवायचे, अशी दिशा ठरवली.

५ जानेवारी

पहिला प्रयोग मुद्दाम नेहमीच्या पद्धतीने केला, म्हणजे पुढच्या सुधारणा कशाच्या तुलनेत मोजायच्या ते कळेल. व्हॅनिला आइस्क्रीम ३०० ग्रॅम, फ्रीजमधले दूध १५० मिलिलिटर आणि बाहेर ठेवलेल्या ताज्या स्ट्रॉबेरी १२० ग्रॅम एवढे मिक्सरच्या भांड्यात घालून दीड मिनिट फिरवले.

तापमान उणे १ अंश आले. पेय पातळ झाले, वर दोन बोटे फेस आला आणि दहा मिनिटांत खाली गुलाबी पाणी व वर पांढुरका फेस असे दोन थर पडले. रंगही फळासारखा लाल-गुलाबी न राहता मळकट जांभळटाकडे झुकला. चव वाईट नव्हती, मात्र साखर आणि दूध पुढे येत होते आणि स्ट्रॉबेरी शोधावी लागत होती.

मिक्सरचा हिशेब रात्री मांडला तेव्हा दोष कुठे आहे ते स्पष्ट दिसले. पाचशे वॉटची मोटर ९० सेकंद पूर्ण जोराने चालली तर ४५,००० ज्यूल ऊर्जा खर्च होते. तिच्यातली निम्मी जरी उष्णता बनून पेयात उतरली, तरी एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात हे लक्षात घेता तेवढ्याने ६७ ग्रॅम बर्फ पाणी होऊ शकतो. ज्या बर्फामुळे शेक दाट राहतो तोच मी पाते फिरवून वितळवत होते, आणि त्यात खोलीच्या तापमानाची फळे घालून भर टाकत होते.

८ जानेवारी

ताज्या फळांऐवजी गोठवलेल्या स्ट्रॉबेरी वापरल्या. शेक दाट झाला, पण रवाळ. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि साखर कमी, त्यामुळे ती दगडासारखी गोठते आणि फिरवल्यावर तिचे बर्फाळ तुकडे होतात. ते पुन्हा मऊ होत नाहीत. हा मार्ग बंद केला. बर्फाचे खडे घालून पाहण्याची गरजच उरली नाही.

११ जानेवारी

आजचा संपूर्ण दिवस तापमानाला दिला आणि प्रकल्पातला सर्वांत मोठा फरक आजच दिसला.

आइस्क्रीमला पाण्यासारखा एकच गोठणबिंदू नसतो. मिश्रणातले थोडे पाणी बर्फ झाले की उरलेल्या पाण्यातली साखर अधिक तीव्र होते आणि त्याला गोठायला आणखी थंडी लागते, म्हणून गोठण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होत जाते. साधारण उणे २.५ अंशांच्या आसपास पहिला बर्फ धरतो, उणे ५ अंशांना जवळपास निम्मे पाणी गोठलेले असते आणि घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांना सुमारे तीन चतुर्थांश. याचा अर्थ, उणे ५ आणि उणे २ या तीन अंशांच्या अरुंद पट्ट्यातच खाण्याचे आइस्क्रीम पिण्याचा शेक होते आणि शेकचे गोड दूध होते. दुकानात मोजलेले उणे ३ याच पट्ट्यात बसते.

मिक्सरचे भांडे, पाते आणि पेले एक तास फ्रीजरमध्ये ठेवले. दूधही पसरट डब्यात ओतून, कडेला बर्फाची साय धरेपर्यंत गार केले. आइस्क्रीम मात्र बाहेर काढून आठ मिनिटे ठेवले, कारण फ्रीजरमधून काढलेला घट्ट गोळा फोडायला मोटर जास्त वेळ चालवावी लागते आणि मधला भाग मऊ होईपर्यंत कडेचा भाग वितळून जातो. आतले तापमान उणे १३ झाल्यावर ते भांड्यात घातले आणि झटक्याझटक्याने, एकूण वीस सेकंदच फिरवले. मध्ये दोनदा थांबून चमच्याने कडा सोडवल्या.

तापमान उणे ४ भरले. स्ट्रॉ मध्यभागी उभी राहिली आणि मग अगदी सावकाश एका बाजूला कलली. फळ आज घातलेच नव्हते. पोत आधी जमवायचा आणि चव नंतर, असे ठरवून केले होते.

१४ जानेवारी

पाकाचा दिवस. ताजे फळ थेट घातले की त्याच्यासोबत पाणी येते, म्हणून पाणी आधीच आटवून घ्यायला हवे.

स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम देठ काढून चिरल्या आणि त्यांत साखर १५० ग्रॅम मिसळून तासभर झाकून ठेवल्या. साखरेने रस बाहेर ओढला आणि फोडी स्वतःच्याच रसात पोहू लागल्या. पातेले मंद आचेवर ठेवून फोडी मऊ झाल्या की मिश्रण गाळणीतून चमच्याने दाबून गाळले. फळाच्या पृष्ठभागावर ज्यांना आपण बिया म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे आहेत आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. हे वाचून मला फार आनंद झाला होता, तरी स्ट्रॉमधून त्या एकेक करून दाताखाली आल्या की नकोशा वाटतात, म्हणून गाळणे आवश्यकच आहे. गाळलेला रस पुन्हा आचेवर ठेवून वजन ३०० ग्रॅम होईपर्यंत आटवला. आटवताना डोळ्यांनी अंदाज न घेता पातेल्यासकट वजन करत राहिले.

या पाकात निम्म्याहून अधिक साखर आहे, त्यामुळे फ्रीजरमध्येही तो दगड होत नाही. चमच्याने सहज निघेल असा मऊ लगदा होतो. हा योगायोगाने मिळालेला मोठा लाभ आहे. फ्रीजरमधला पाक शेकमध्ये घातला की चवीबरोबर थंडीही येते, आणि तीही खडे न आणता.

पण वास बदलला. ताज्या स्ट्रॉबेरीच्या सुगंधात दोन प्रकारची द्रव्ये ठळक असतात. इथाइल ब्युटानोएटसारखी एस्टर फळाचा टवटवीत वास देतात आणि आचेवर लगेच उडून जातात. फ्युरानिओल हे द्रव्य जळू घातलेल्या साखरेसारखा गोड वास देते आणि पाण्यात राहून टिकते. म्हणून शिजवलेली स्ट्रॉबेरी जॅमसारखी लागते. दुकानातल्या शेकमध्ये या जॅमसारख्या गोडव्याला मोठी जागा आहे, त्यामुळे पाक चुकीचा नाही, फक्त एकटा अपुरा आहे.

१५ जानेवारी

कालच्या पाकात रंगाचा प्रयोग केला. स्ट्रॉबेरीचा लाल रंग मुख्यतः पेलार्गोनिडिन-३-ग्लुकोसाइड या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते आम्लात तेजस्वी लाल राहते. दुधाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, सुमारे ६.७, म्हणजे जवळजवळ उदासीन. तिथे हा रंग फिका आणि जांभळट होतो. पहिल्या प्रयोगातला मळकटपणा यामुळेच होता.

पाकात लिंबाचा रस घालून तीन नमुने केले. एक लहान चमचा रसाने ३०० ग्रॅम पाकाचा रंग उजळला आणि चवही जागी झाली. दोन चमच्यांना फारसा फरक नव्हता. चार चमच्यांचा पाक मात्र कोमट दुधात मिसळताच दूध फाटल्यासारखे बारीक कण दिसले. दुधातले केसिन हे प्रथिन पीएच ४.६ च्या जवळ आले की गोळा होऊ लागते, त्यामुळे ते अपेक्षितच होते. एक चमचा कायम केला.

१९ जानेवारी

टवटवीत वास परत आणण्यासाठी फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवलेल्या स्ट्रॉबेरी आणल्या. गोठलेले पाणी न वितळता थेट वाफ होऊन निघून जाते आणि आच लागत नाही, त्यामुळे वासाचा बराच भाग शाबूत राहतो. पाण्याचा हिशेब तर विलक्षण आहे : अशी १० ग्रॅम पूड म्हणजे साधारण १०० ग्रॅम ताजे फळ, आणि पाणी जवळजवळ शून्य. जे मला सुरुवातीपासून हवे होते ते हेच.

पूड करण्यात एकदा फसगत झाली. सकाळी कुटून ठेवलेली पूड दुपारपर्यंत वाटीला चिकटून तिचा गोळा झाला, कारण ती हवेतली ओल झपाट्याने ओढते. दुसऱ्या वेळी फोडी साखरेच्या एका चमच्याबरोबर शेक करण्याच्या आधी कुटल्या आणि बारीक चाळणीतून चाळल्या. चाळणीत बिया उरल्या आणि खाली गुलालासारखी हलकी, कोरडी पूड पडली, जिचा वास डबा उघडताच खोलीभर पसरला. ती आधी पाकात कालवून मगच दुधात घातली की गुठळ्या होत नाहीत.

पाक ७० ग्रॅम आणि पूड ८ ग्रॅम या जोडीने शेकला पहिल्यांदा खरी स्ट्रॉबेरीची चव आली : आधी ताजे फळ, मागाहून जॅम.

२२ जानेवारी

ताईला आजचा शेक आणि दुकानातला शेक सारख्या पेल्यांत दिले आणि कोणता कोणता ते सांगितले नाही. तिने दोन्ही दोनदा चाखले आणि घरच्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा चवीला जास्त चांगला आहे गं, पण जिभेवर जड बसतो. तो दुसरा कसा चटकन नाहीसा होतो."

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि वजनकाट्यानेही तेच सांगितले. माझ्या शेकचे शंभर मिलिलिटर ९१ ग्रॅम भरले, म्हणजे दुकानातल्या शेकच्या मानाने हवा अर्धीही नव्हती. शिवाय मी घरातले सर्वांत सायदार आइस्क्रीम वापरत होते. दुकानी शेकच्या मिश्रणात दुधाची चरबी बहुधा आइस्क्रीमपेक्षा कमी असते. चरबी जास्त झाली की तिचा थर जिभेवर बसतो आणि फळाचा वास उशिरा पोचतो. उंची आइस्क्रीम घेतले की शेकही उंची होणार, अशी माझी समजूत होती आणि ती या पदार्थापुरती तरी चुकीची निघाली. साधे, हलके, १० टक्के चरबीचे व्हॅनिला आइस्क्रीम इथे अधिक योग्य आहे. मात्र हलके आइस्क्रीम हवेने फुगलेले असते, त्यामुळे ते वाटीने किंवा गोळ्यांनी मोजू नये, वजनानेच घ्यावे.

२५ जानेवारी

दाटपणा टिकवण्यासाठी दोन गोष्टी तपासल्या. दुधात १२ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर विरघळवली की दुधातले घन पदार्थ वाढतात, मोकळे पाणी कमी होते आणि तोंडात भरीवपणा येतो. ही सुधारणा निःसंशय ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट झँथन गम, म्हणजे पदार्थ दाट करणारी एक पूड. याचा गुण असा की स्थिर असताना मिश्रण दाट राहते आणि ओढले गेले की पातळ होते, म्हणजे पेल्यात उभे आणि स्ट्रॉमध्ये वाहते, नेमके शेकला हवे तसे. पाचशे ग्रॅमला अर्धा ग्रॅम घातला तेव्हा थर पडणे अर्धा तास लांबले. दीड ग्रॅम घातला तेव्हा चमचा उचलताच तार सुटली आणि घशाला बुळबुळीत लागले. गम कोरड्या साखरेत मिसळूनच घालावा, नाहीतर त्याचे माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात आणि ते फुटत नाहीत. माझे मत असे आहे की शेक लगेच प्यायचा असेल तर गमची गरज नाही. थोडा वेळ ठेवायचा असेल तरच अर्धा ग्रॅम घालावा.

२८ जानेवारी

आता उरला प्रश्न हवेचा. मिक्सरचे पाते कापते, आणि कापताना स्फटिकांबरोबर आइस्क्रीममधले हवेचे बुडबुडेही फोडते. अमेरिकेतल्या जुन्या सोडा फाउंटनमध्ये, म्हणजे थंड पेयांच्या दुकानांत, उंच स्टीलच्या पेल्यात वरून दांडी सोडून शेक घुसळत, आणि त्या दांडीच्या टोकाला पाते नसून छोटी बोथट चकती असे. पुढे मॅकडोनाल्डची साखळी उभारणारे रे क्रॉक हे पाच दांड्यांचे असेच मल्टिमिक्सर यंत्र विकत होते, आणि मॅकडोनाल्ड बंधूंच्या सॅन बर्नार्डिनोमधल्या एकाच दुकानाला अशी आठ यंत्रे कशाला लागतात हे पाहायला ते १९५४ मध्ये तिथे गेले. एका वेळी चाळीस शेक घुसळण्याची ती सोय होती.

घरी हॅन्ड ब्लेंडरला फेटण्याची जाळी लावली आणि फ्रीजरमध्ये गार केलेला उंच स्टीलचा पेला घेतला. आधी दूध, दूध पावडर आणि पूड कालवलेला पाक तळाशी एकजीव केला, मग आइस्क्रीम तीन भागांत घातले आणि जाळी वरखाली करत चाळीस सेकंद घुसळले. सुरुवातीला जाळीचा आवाज जड येतो, मग तो एकदम मोकळा होतो. तिथून पाच सेकंदांत थांबावे. मिश्रणावर जाळीची खूण उमटते, दोन क्षण राहते आणि हळूच भरून येते.

तापमान उणे ४, शंभर मिलिलिटरचे वजन ७८ ग्रॅम. दुकानाच्या ७२ पर्यंत पोचलो नाही, तरी ताईने या वेळी जडपणाचा उल्लेख केला नाही.

३० जानेवारी

स्ट्रॉची छोटी नोंद. सहा मिलिमीटरच्या स्ट्रॉने हाच शेक ओढताना दम लागला, आठ मिलिमीटरच्या स्ट्रॉने सहज आला. साध्या द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे सहावरून आठ मिलिमीटरवर गेल्यास तो तिपटीहून अधिक होतो. शेक साधा द्रव नाही, पण फरकाची दिशा तीच आहे. बारीक स्ट्रॉसाठी शेक पातळ करण्यापेक्षा स्ट्रॉ बदलावी.

२ फेब्रुवारी

दोन पेल्यांचे प्रमाण आज सलग तीनदा करून पक्के केले. हलके व्हॅनिला आइस्क्रीम ३२० ग्रॅम, उणे १३ अंशांपर्यंत सैल झालेले. कडेला बर्फ धरलेले सायीचे दूध ९० मिलिलिटर, त्यात विरघळवलेली दूध पावडर १२ ग्रॅम. फ्रीजरमधला स्ट्रॉबेरीचा पाक ७० ग्रॅम, त्यात आयत्या वेळी चाळून कालवलेली पूड ८ ग्रॅम. आणि चिमूटभर मीठ. गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून पाक चमच्यावर चाखताना थोडा अतिगोड वाटला तरी साखर कमी करू नये. शेकमध्ये ती बरोबर लागते. मीठ वगळून एकदा पाहिले तेव्हा फळाची चव मागे पडली.

तिन्ही वेळा तापमान उणे ४ ते उणे ३.५ आणि वजन ७७ ते ८० ग्रॅम या मर्यादेत राहिले. गार पेल्यात ओतलेला शेक बारा मिनिटांनी उणे २.५ वर आला आणि तोपर्यंत थर पडला नाही. तिसऱ्या खेपेला आइस्क्रीम आठऐवजी अकरा मिनिटे बाहेर राहिले होते आणि त्या पेल्याची स्ट्रॉ इतरांपेक्षा लवकर कलली.

पाक १४० ग्रॅम उरला आहे. बरणीवर तारीख घालून ती फ्रीजरच्या मागच्या बाजूला, दाराच्या गरम हवेपासून दूर ठेवली आहे.